‘एहतियात’ किती भरवशाची? : अझ्ल अर्थात खंडित संभोग या पद्धतीचा परिचय

विषयप्रवेश

धार आणि देवास ही पवार घराण्याची दोन जुनी संस्थाने. माळव्याच्या या भागात मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा अनेक पिढ्या शेजारी शेजारी नांदल्या आहेत. या दोन्ही भाषा शिकवताना प्रस्तुत लेखिकेच्या एक गोष्ट वारंवार लक्षात आली. घरगुती जीवनातील काही विषयांना दोन्ही भाषांत सरळ शब्द नाही, आडवळणाचा शब्द आहे. पाळणा लांबवण्यासाठी तुम्ही काय करता, असे विचारले तर मराठी घरातील सून म्हणते, “आम्ही काळजी घेतो.” उर्दू बोलणारी सून म्हणते, “एहतियात करते हैं.” दोघींना बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगायची असते. पुरुष वीर्यस्खलनापूर्वी बाजूला होतो. अरबीत व उर्दूत याला ‘अझ्ल’ म्हणतात. मराठी वैद्यकीय लेखनात ‘खंडित संभोग’ हा शब्द आढळतो.

काही वर्षांपूर्वी एक माजी विद्यार्थिनी गुणपत्रिका नेण्यासाठी महाविद्यालयात आली होती. द्वितीय वर्षात असताना तिचा विवाह झाला होता. पहिले मूल कडेवर होते, ते सव्वा वर्षाचे नव्हते, आणि दुसऱ्याचा सातवा महिना चालू होता. तृतीय वर्षाची परीक्षा देणार का, असे विचारले तेव्हा तिने मान खाली घातली आणि म्हणाली, “मैडम, हम तो एहतियात करते थे.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती, आश्चर्य होते. आपण काळजी घेत होतो, मग हे कसे झाले, हा तिचा प्रश्न होता. त्या दिवशी तिला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

या पद्धतीचा पुरस्कार करणे अथवा तिची निंदा करणे हा लेखाचा हेतू नाही. ती कशी काम करते, कोठे फसते आणि तिच्यावर किती भरवसा ठेवावा, हे आपल्या अध्यापक बंधु-भगिनींसमोर साध्या भाषेत मांडावे, एवढाच हेतू आहे. आपल्या वर्गांत विवाहित मुले-मुली असतात. विवाहाच्या उंबरठ्यावर असलेले तर पुष्कळच असतात.

एक जुनी पद्धत

मानवाला ज्ञात असलेल्या गर्भनिरोधाच्या पद्धतींपैकी ही बहुधा सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. तिला साधन लागत नाही, खर्च नाही, कोणाला सांगावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये आधुनिक साधने सर्वत्र पोहोचण्याच्या कितीतरी आधी जन्मदर उतरू लागला होता. त्यात या पद्धतीचा मोठा वाटा होता, असे लोकसंख्येचे इतिहासकार मानतात. तुर्कस्तानात तर २०१३ पर्यंतच्या राष्ट्रीय पाहण्यांत सुमारे एक चतुर्थांश विवाहित स्त्रिया हीच पद्धत सांगत होत्या.

आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत (२००५-०६) विवाहित स्त्रियांपैकी २.५ टक्के स्त्रियांनी ही पद्धत सांगितली होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) कोणतीही पद्धत वापरणाऱ्या स्त्रिया ६६.७ टक्के होत्या. एकूण विवाहित स्त्रियांपैकी सुमारे १० टक्के, म्हणजे दर दहा विवाहित स्त्रियांमागे एक, पारंपरिक पद्धतींवर अवलंबून होती. या पारंपरिक पद्धतींत दिवस मोजणे आणि अझ्ल या दोन मुख्य आहेत. प्रत्यक्ष प्रमाण याहून अधिक असण्याचा संभव आहे. ‘एहतियात’ ही पुष्कळ स्त्रियांना ‘पद्धत’ वाटतच नाही, त्यामुळे पाहणी करणाऱ्याला त्या “काही नाही” असे उत्तर देतात.

ही केवळ अशिक्षितांची पद्धत आहे, हाही समज बरोबर नाही. लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक अलका बसू यांनी २००५ साली दाखवून दिले होते की, भारतातील सुशिक्षित शहरी वर्गातही गोळ्या व साधने टाळून अशा पद्धती जाणीवपूर्वक वापरल्या जातात. तेव्हा हा विषय आपल्या स्टाफरूमलाही परका नाही.

धार्मिक चर्चेतील अझ्ल

मुस्लिम समाजात या पद्धतीविषयी बोलताना पहिला प्रश्न ती जायज आहे की नाही, हाच येतो. हजरत जाबिर यांची रिवायत बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कुरआन अवतरत असण्याच्या काळात आम्ही अझ्ल करीत होतो, असा तिचा आशय आहे. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात विवाहाच्या प्रकरणात अझ्लची सविस्तर चर्चा केली. स्त्रीचे आरोग्य व रूप टिकावे, तसेच अधिक मुलांमुळे येणारी ओढाताण टळावी, ही कारणे त्यांनी ग्राह्य मानली. इब्न हज्म यांच्यासारख्या विद्वानांनी मात्र विरोधी मत दिले. हनफी, मालिकी व हंबली मतप्रणालींत पत्नीच्या संमतीची अट सांगितली गेली, कारण संतती आणि शरीरसुख या दोन्हींत तिचा हक्क आहे.

या चर्चेतील एक रिवायत आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. हजरत जाबिर यांच्याकडूनच आलेली ही रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. आपल्या दासीला गर्भ राहू नये अशी इच्छा असलेल्या एका गृहस्थाने अझ्लविषयी विचारले. हवे तर कर, पण जे नियत आहे ते येईलच, असे त्याला सांगण्यात आले. काही काळाने तो परत आला आणि ती गर्भवती असल्याचे त्याने सांगितले. या प्रसंगाचा धार्मिक अर्थ विद्वानांनी सांगितलेला आहेच. परंतु साध्या वाचकालाही त्यातून एक वस्तुस्थिती दिसते. ही पद्धत फसते, हे पहिल्या पिढीच्या लोकांना अनुभवाने माहीत होते.

येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. ‘जायज आहे का’ हा एक प्रश्न आणि ‘भरवशाची आहे का’ हा दुसरा. पहिल्याचे होकारार्थी उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले, असे अनेक जोडपी समजतात. एखादी वाट चालण्यास मोकळी आहे म्हणून ती पक्की आहे, असे होत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शरीरशास्त्रात शोधावे लागते.

पद्धत कोठे फसते

गर्भ राहण्यासाठी शुक्राणू व स्त्रीबीज यांची भेट व्हावी लागते. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर साधारण १२ ते २४ तास जिवंत असते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात अनुकूल परिस्थितीत ५ दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून दर मासिक चक्रात सुमारे ६ दिवस असे असतात की त्या काळातील संबंधातून गर्भ राहू शकतो. हे दिवस प्रत्येक स्त्रीचे व प्रत्येक महिन्याचे सारखे नसतात. अझ्लचा हेतू एवढाच की वीर्य योनिमार्गात पोहोचू नये. हा हेतू तीन ठिकाणी निसटतो.

पहिले ठिकाण म्हणजे स्खलनापूर्वी येणारा द्रव. उत्तेजनेच्या काळात पुरुषाच्या इंद्रियातून थोडा चिकट द्रव येतो. तो केव्हा येतो हे पुरुषाला कळत नाही आणि त्यावर त्याचा ताबाही नसतो. या द्रवात शुक्राणू नसतातच, असे पूर्वी सांगितले जाई. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात २७ पुरुषांच्या या द्रवाचे नमुने तपासले गेले. त्यांपैकी ११ जणांच्या द्रवात शुक्राणू आढळले, आणि १० जणांच्या द्रवात ते हालचाल करणारे होते. संख्या लहान आहे, म्हणून तिच्यावरून सर्व पुरुषांविषयी प्रमाण ठरवता येणार नाही. तरी ‘बाहेर झाले म्हणजे आत काहीच गेले नाही’ ही समजूत टिकत नाही, एवढे निश्चित. मधल्या वेळेत लघवी केली म्हणजे धोका संपला, असे मानण्यासही आधार नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे वेळ. बाजूला होण्याचा निर्णय नेमका अशा क्षणी घ्यायचा असतो, जेव्हा माणसाचा स्वतःवर सर्वांत कमी ताबा असतो. थकवा, झोप, नशा, अनुभवाचा अभाव, एकत्र कुटुंबातील घाई, यांपैकी काहीही आड येऊ शकते. नवविवाहितांत चूक होण्याचा संभव अधिक असतो आणि त्यांचे वयही गर्भ सहज राहण्याचे असते. वीर्य योनीच्या मुखाशी सांडले तरी धोका राहतो, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

तिसरे ठिकाण म्हणजे सातत्य. वर्षातून एकशे दहा वेळा नियम पाळला आणि दोन वेळा ‘आज चालेल’ म्हटले, तर ते दोन दिवस कोणते होते यावर सर्व अवलंबून राहते.

आकडे काय सांगतात

गर्भनिरोधाच्या प्रत्येक पद्धतीचे दोन आकडे दिले जातात. पहिला ‘काटेकोर वापराचा’, म्हणजे दर वेळी अगदी बिनचूक वापर झाला तर काय होईल त्याचा. दुसरा ‘सर्वसाधारण वापराचा’, म्हणजे खऱ्या संसारात, विसर व चुका धरून, काय होते त्याचा. पुढील आकडे मुख्यतः अमेरिकेतील पाहण्यांवर आधारलेले आहेत. आपल्याकडे ते थोडे वेगळे असू शकतील, तथापि पद्धतींची आपसांतील तुलना समजण्यास ते उपयोगी आहेत. १०० जोडप्यांपैकी पहिल्या वर्षात किती जोडप्यांना गर्भ राहतो, ते असे:

कोणतीही पद्धत नाही : ८५.
अझ्ल : काटेकोर वापरात ४, सर्वसाधारण वापरात २०.
पुरुषांचा कंडोम (निरोध) : काटेकोर २, सर्वसाधारण १३.
रोजच्या गोळ्या : काटेकोर ०.३, सर्वसाधारण ७.
तीन महिन्यांचे इंजेक्शन : काटेकोर ०.२, सर्वसाधारण ४.
तांबी (कॉपर टी) : काटेकोर ०.६, सर्वसाधारण ०.८.
स्त्री नसबंदी : ०.५. पुरुष नसबंदी : सर्वसाधारण ०.१५.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात व दोन्ही सारख्याच खऱ्या आहेत. पहिली अशी की अझ्ल निरर्थक नाही. ८५ व २० यांत मोठे अंतर आहे. फ्रान्समधील जन्मदर त्यामुळेच उतरू शकला. समाजाच्या पातळीवर ही पद्धत जन्म कमी करते. दुसरी अशी की एका जोडप्याच्या पातळीवर ती भरवशाची नाही. काटेकोर व सर्वसाधारण वापरातील फरक येथे पाचपट आहे. तांबीच्या बाबतीत हा फरक जवळपास नाही, कारण ती एकदा बसवली की रोजच्या संयमावर काही सोडावे लागत नाही.

आणखी एक मुद्दा वर्गात फळ्यावर मांडून दाखवण्यासारखा आहे. २० हा आकडा एका वर्षाचा आहे. जोडप्याला मात्र दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर हवे असते. दर वर्षी हाच धोका कायम धरला तर पहिल्या वर्षाअखेर १०० पैकी ८० जोडपी सुरक्षित राहतील, दुसऱ्या वर्षाअखेर ६४ आणि तिसऱ्या वर्षाअखेर सुमारे ५१. म्हणजे तीन वर्षांत जवळजवळ निम्म्या जोडप्यांचे नियोजन कोलमडेल. प्रत्यक्षात जोडपी अनुभवी होत जातात व पुढील वर्षांत धोका काहीसा उतरतो, म्हणून हे गणित ढोबळ समजावे. तरी आमच्या विद्यार्थिनीला वाटलेले आश्चर्य का अनाठायी होते, हे त्यावरून कळते. तिच्या बाबतीत जे घडले ते विपरीत नव्हते, अपेक्षितांपैकीच एक होते.

कर्व्यांचा धडा

मराठी भाषेत या विषयावर स्पष्ट बोलण्याची किंमत कोणी मोजली असेल, तर ती रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२-१९५३) यांनी. ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले होते. कर्व्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई यांच्या साथीने त्यांनी हे काम चालवले. १९२३ साली त्यांचे संततिनियमनावरील पुस्तक आले. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी मृत्यूपर्यंत चालवले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, तरीही तो खटला कर्वे हरले. १९५२ साली भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला आणि पुढच्याच वर्षी कर्वे वारले.

कर्व्यांची सर्व मते आपण स्वीकारावीत असे नाही. धर्म व विवाह यांविषयीची त्यांची अनेक मते आपल्याला पटणारही नाहीत. परंतु एक शिक्षक म्हणून त्यांचा आग्रह समजून घेण्यासारखा आहे. गोष्टीला तिच्या नावाने संबोधल्याशिवाय तिच्याविषयी ज्ञान देता येत नाही. ‘काळजी’ आणि ‘एहतियात’ हे शब्द सभ्य आहेत, पण त्यांत भरवशाचा भास आहे. काळजी घेतली असता काही होणार नाही, असे ते शब्दच सुचवतात. अरबीतील ‘अझ्ल’ हा शब्द अधिक प्रामाणिक आहे. त्याचा अर्थ केवळ बाजूला करणे. पदावरून दूर केलेल्याला उर्दूत ‘माझूल’ म्हणतात, तो शब्द याच धातूपासून आला. त्यात सुरक्षिततेचे आश्वासन नाही.

स्त्रीच्या हाती काय

या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव आकड्यांत दिसत नाही. निर्णय व अंमल दोन्ही पुरुषाच्या हाती, आणि परिणाम स्त्रीच्या शरीरावर. पती चुकला तर पत्नीला ते उशिरा कळते, कधी कळतही नाही. जुन्या फकीहांनी पत्नीच्या संमतीची अट घातली, तीत तिच्या हक्काची जाणीव होती. आज त्या संमतीला अर्थ यायचा असेल तर ती माहितीच्या आधारावर असली पाहिजे. शंभरात वीस हा आकडा माहीत नसताना दिलेली संमती अपुरी आहे.

दोन अपत्यांतील अंतराचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. बाळाच्या जन्मानंतर पुढील गर्भधारणेपर्यंत किमान २४ महिने जावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. कुरआनातही आईने बाळाला पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे. बाळ ६ महिन्यांच्या आतील असेल, केवळ अंगावर पीत असेल आणि पाळी परत आलेली नसेल, तर स्तनपानामुळेच गर्भ राहण्याची शक्यता फार कमी असते. या तीन अटींपैकी एकही मोडली की हे संरक्षण धरता येत नाही. नेमक्या याच वेळी अनेक जोडपी ‘एहतियात’वर विसंबतात आणि सव्वा वर्षाच्या बाळाचे दूध तुटते.

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांपासून, त्यांत एचआयव्हीही आला, अझ्लने संरक्षण मिळत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

अध्यापकांनी काय सांगावे

आपण डॉक्टर नाही. कोणत्या जोडप्याने कोणती पद्धत घ्यावी हे सांगणे आपले काम नाही. पुढील गोष्टी मात्र आपण सांगू शकतो.

१) अझ्ल ही काहीच न करण्यापेक्षा बरी पद्धत आहे, परंतु गर्भ राहणे ज्यांना खरोखर परवडणार नाही त्यांनी केवळ तिच्यावर राहू नये. कंडोमची जोड दिली तर धोका पुष्कळ कमी होतो.

२) पर्याय दूर नाहीत. सरकारी आरोग्य केंद्रात कंडोम, गोळ्या व तांबी मिळतात. तीन महिन्यांचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळी २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आली. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली ‘छाया’ अंगावर पाजणाऱ्या मातांनाही चालते. आपल्याला काय योग्य, हे नर्सबाई अथवा डॉक्टर तपासून सांगतील. गावातील आशा कार्यकर्ती हा पहिला दुवा आहे.

३) चूक झाली तर घाबरून गप्प बसू नये. तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि ती जितकी लवकर तितकी अधिक उपयोगी. ५ दिवसांच्या आत तांबी बसवून घेणे हा त्याहून परिणामकारक उपाय आहे. ही गोळी नेहमीची पद्धत म्हणून वापरू नये.

४) पद्धत फसून गर्भ राहिला तर गर्भपाताविषयीचा १९७१ चा कायदा व त्यातील २०२१ ची दुरुस्ती यांनुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतावर पुढचा निर्णय घेता येतो. धार्मिक दृष्ट्या काय करावे हा त्या कुटुंबाचा व त्यांच्या आलिमांचा विषय आहे. कायदा काय म्हणतो ते मात्र माहीत असावे. चोरून केलेल्या अघोरी उपायांनी जीव जातात.

५) हा विषय मुलींच्या वर्गापुरता ठेवू नये. जी पद्धत सर्वस्वी पुरुषाच्या हाती आहे, तिची माहिती मुलांना आधी हवी.

समारोप

मुस्लिम कुटुंबांविषयी बाहेर पुष्कळ गैरसमज आहेत. वस्तुस्थिती अशी की १९९२-९३ च्या पाहणीत मुस्लिम स्त्रियांचा एकूण जननदर ४.४ होता, तो २०१९-२१ मध्ये २.४ वर आला. म्हणजे कुटुंब मर्यादित ठेवण्याची इच्छा समाजात आहे. उणीव माहितीची आहे, आणि माहिती देणे हा तर आपला व्यवसायच आहे.

ती विद्यार्थिनी पुढे दोन वर्षांनी परीक्षेला बसली व उत्तीर्ण झाली. निकालानंतर भेटली तेव्हा हातात धाकटी मुलगी होती. तिने आपणहून सांगितले की आता तांबी बसवली आहे, आणि बी.एड.चा अर्ज भरायचा आहे. जाताना एवढेच म्हणाली, “हे कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते.” ते आधी सांगण्याची जबाबदारी आपली आहे.